आई अधिक तांदूळ

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात परवा बासमतीच्या पोत्याशी वाकलो आणि तागाचा तो कोरडा, धुळकट वास नाकात शिरला. अशा वासाने कुणाला गावाकडचं कोठार आठवत असेल. मला गॅरेज आठवलं, आणि मांडीवर तांदूळ घेऊन माझ्या गाडीत बसलेली आई.

गाडी मी घरीच बांधलेली. लोटस सेव्हनच्या वळणाची, बिनछपराची, जेमतेम साडेपाचशे किलोंची. एवढ्या हलक्या गाडीत ड्रायव्हर हाही एक जड सुटा भागच. म्हणून चाकांवरचा भार मोजताना सीटवर त्याच्याएवढं वजन लागतं. मी स्वतः बसलो तर पाना कोण फिरवणार? आई सांगलीहून उन्हाळ्यात यायची. पदर खोचून, चौकटीच्या नळीवरून पाय टाकून ती आत उतरायची. माझ्या 78 किलोंना जेवढं कमी पडेल तेवढा तांदूळ तिच्या मांडीवर.

चार चाकांखाली चार बाथरूमचे वजनकाटे आणि जमीन सपाट यावी म्हणून काट्यांखाली लिनोलियमचे तुकडे. अँटी-रोल बार आधी सोडवायचा, नाहीतर आकडे खोटं बोलतात. मग एका स्प्रिंगची कॉलर जराशी वर फिरवली की त्या चाकावरचा भार वाढतो आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकावरचाही. उरलेली दोन हलकी होतात. टपरीवरच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारावा तसं. दोन्ही तिरक्या जोड्यांची बेरीज सारखी आली की गाडी डाव्या-उजव्या वळणाला सारखी वागते.

“हलू नकोस गं.”

“तुझ्या पहिल्या फोटोच्या वेळी मी हेच सांगत होते. तू ऐकलं नव्हतंस.” तिच्या हसण्याने चारही काट्यांवरचे आकडे हलायचे.

पॅडॉकमध्ये एक जमात हमखास भेटते, महागड्या डँपरची बटणं टकटक फिरवणारी. ‘कडक कर’ एवढा एकच मंत्र. चाक जमिनीवरून उडायला लागलं तरी कडक! माझा त्यांच्यावर जुना राग आहे. मॅलरी पार्क हा उजव्या वळणांचा ट्रॅक. जेरार्ड्सचं ते संपता न संपणारं वळण डाव्या पुढच्या टायरचा जीव काढतं. आत आल्याआल्या, टायर निवायच्या आधी, सुई टोचून आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान घ्यावं. बाहेरची कडा जास्त तापली असेल तर चाकाचा माथा अजून आत झुकवावा. पण त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. बटण उभ्याने फिरतं.

माझ्या वहीत हे सगळं आहे. टो, कॅम्बर, पुढची-मागची उंची. आणि प्रत्येक उन्हाळ्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक नोंद. ‘आई + 20’. ‘आई + 24’. ‘आई + 31’. मी तेव्हा फक्त बेरीज बघत होतो. ती दरवेळी 78च यायची.

इथे मॉरिस ओलीचं खरं तर काही काम नाही, पण तो येतोच. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेला हा ब्रिटिश इंजिनिअर. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकमध्ये त्याने एक भली मोठी गाडी घेतली, तिच्यात वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी सोय केली आणि स्प्रिंगा बदलून बदलून लोकांना फिरवलं. सुख मोजणारं यंत्र नव्हतं, म्हणून बसणाऱ्याचं अंग हेच यंत्र. त्यातून कळलं ते असं: खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. मागचा झोका जरा जलद ठेवला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी डोलत नाही.

आई एकदाच माझ्या शेजारी बसून रस्त्याने फिरून आली. उतरताना म्हणाली, “पुढचा धक्का कळतो रे, पण मागचा नंतर वेगळा कशाला येतो?”

ओलीचं नावही तिला माहीत नव्हतं. मी मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. रस्त्यावर गाडी सपाट चालायला लागली. ट्रॅकवर मात्र जेरार्ड्सला गॅस जरा सोडला की शेपूट बाहेर निघते, वेळ जातो. ते बटणवाले मला आता मागे मऊ स्प्रिंगा टाकायला सांगतात, तेच ते, कडक-कडक करणारे! मी ऐकत नाही. मागच्या स्प्रिंगा आईच्या आहेत.