निलंबनानं भागलं का रे?

पांढुर्णा

चि. बाळू,

काल फोनवर म्हणालास, "मामा, औषध निरीक्षकांना निलंबित केलं, झाला न्याय. तसंही ते खातं बंदच करा, फुकटचा पगार खातात." तेव्हा मी गप्प बसलो, पण रात्रभर डोक्यातून जाईना. माझ्या बहिणीच्या पोरानं असं बोलावं?

कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप पिऊन परासियाकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत गेली. ऑक्टोबर 2025 च्या पहिल्याच आठवड्यात मृतांचा आकडा 20 वर पोचला, त्यात एक आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलं. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के, चालतं फक्त 0.1. आपल्या मध्य प्रदेश सरकारनं कळवल्यावर तामिळनाडूच्या प्रयोगशाळेनं ते लगेच शोधलं. मग कारखाना त्यांच्याच कांचीपुरम जिल्ह्यात असताना आधी कुणी का नाही पाहिलं? ठरलेल्या औषध-तपासण्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त तिथे होतच नव्हत्या, हे कॅगनं आधीच लिहून ठेवलं होतं.

औषध-तपासणीला माणसं किती हवीत, याचा हिशेब 2003 मध्येच माशेलकर समितीनं मांडून दिला होता: 50 कारखान्यांमागे एक निरीक्षक, 200 दुकानांमागे एक. माणसं नेमायला पैसा लागतो, बाप्पा! 2023 मध्ये आपला जिल्हा झाला तेव्हा तू सौंसरभर पेढे वाटलेस. जिल्ह्याची पाटी स्वस्तात लागते. प्रयोगशाळा तशी येत नाही.

चुकलेल्या निरीक्षकाला सोडा, असं मी म्हणत नाही. पण मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाचं प्रकरण बघ. तू तेव्हा रांगत होतास, तुझे बाबा रोज पेपर मोठ्यानं वाचायचे. 1986 मध्ये हेच विष ग्लिसरॉलमधून गेलं, 14 रुग्ण दगावले. लेंटिन आयोगानं औषध प्रशासनाची लक्तरं काढली आणि आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं. आपल्याकडे दोन निरीक्षक आणि एक उपनियंत्रक निलंबित, नियंत्रकाची बदली. जागा भरू नका, यंत्रं पुढच्या वर्षी बघू, असा शेरा मारणाऱ्याला कुणी नोटीस दिली? खातं उपाशी ठेवायचं आणि ते कोसळलं की खालच्या माणसाला धरायचं, ही सरकारची सोय आहे. आणि तू तिला न्याय म्हणतोस!

असो. रागावलो, पण खरी काळजी तुझ्या छकुलीची आहे. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्याचं सिरप देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानंच सांगितलंय. दुकानदार काही म्हणो, तू आणू नकोस.

तुझा,
मामा