चार्ली वॉट्सचा उजवा हात

रॉक ड्रमर म्हटला की घामाने निथळणारा, केस उडवणारा, भोवती डझनभर ड्रम मांडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स साध्या चार ड्रमच्या सेटमागे, मयताला आल्यासारखा चेहरा करून बसायचा. जन्म १९४१चा. पहिलं तालवाद्य म्हणजे दांडी काढून टाकलेला बँजो. पोटासाठी जाहिरातीतली चित्रकला, जीव जॅझवर. १९६३च्या जानेवारीत स्टोन्समध्ये आला तो २०२१मध्ये मरेपर्यंत तिथेच. बायकोही एकच. दौऱ्यावर असला की हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढायचा, दर मुक्कामी नवं!

मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर आठ ठोके देतो, डावा दुसऱ्या नि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रमवर पडतो. नवशिक्याला सगळ्यात आधी शिकवतात तो हा ठेका. चार्ली मात्र स्नेअरच्या ठोक्याला उजवा हात चक्क उचलून घ्यायचा. आठांतले दोन ठोके वाजतच नाहीत. स्नेअर एकटा वाजतो, कोरडा, ठसठशीत, आणि हात वर जाऊन खाली येईस्तोवर लय किंचित मागे रेलते. करायला जा, उजव्याबरोबर डावाही लोंबकळतो. हातांकडे लक्ष दिलं की पाय चुकतो.

एका तबलजी मित्राला दाखवलं. ‘त्यात काय? खालीला आम्ही डग्गा बंद ठेवतोच की,’ म्हणाला. पण खालीत वजन काढून घेतात. इथे वजनाच्या मात्रेलाच वाट देण्यासाठी झांज बाजूला होते.

२००३ साली स्टोन्स मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर वाजवून गेले. लोक गायक मिक जॅगरच्या कमरेकडे बघत होते, मी या हाताकडे.

बाकीच्या बँडमध्ये सगळे ड्रमरला धरून चालतात. चार्ली कीथ रिचर्ड्सच्या गिटारला धरून चालायचा. १९६९चं ‘हाँकी टाँक विमेन’ ऐका. आधी निर्माता जिमी मिलरची काउबेल, मग चार्ली, मग गिटार. काउबेल आणि ड्रमचं पुरतं जमत नाही, आणि शेवटाकडे जाताना लय चढते. आज कुणीतरी हे मेट्रोनोमच्या क्लिकवर बसवून सरळ केलं असतं आणि गाण्याचं वाटोळं झालं असतं.

सोलोचा त्याला कंटाळा होता. आमच्याकडे मध्यंतराआधी आयोजकांना ड्रम सोलो लागतोच. मी वाजवतो, शिट्ट्या पडतात, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडतात.