दुसऱ्या बाजूचा श्वास

सांगली

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. सर डावीकडूनही श्वास घ्यायला लावतात, डावीकडे वळलं की नाकातोंडात पाणी जातं, आणि उजवीकडून इतकं छान जमत असताना हा हट्ट कशाला, असं तू विचारलंयस. फोनवर याचं नीट उत्तर देता आलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसले. प्रश्न मला मनापासून आवडला. पोहायला शिकणारी बहुतेक मुलं तो विचारत नाहीत, गुपचूप आपल्या सोयीच्या बाजूला वळत राहतात.

आधी तुझ्या म्हणण्यात जे खरं आहे ते मान्य करते. ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलच्या शर्यती तू बघतेस. बरेच अव्वल जलतरणपटू एकाच बाजूनं, दर दोन हातांमागे एकदा श्वास घेतात. वेगात पोहताना स्नायूंना प्राणवायू भरपूर लागतो आणि तीन हातांमागे एक श्वास घेतला तर तो अपुरा पडतो. त्यामुळे शर्यतीत आपली हुकमी बाजू धरणं हे शहाणपणच आहे. पण दुसरी बाजू येत असून ती न वापरणं वेगळं आणि ती येतच नसणं वेगळं. तुझे सर तुला पहिल्या प्रकारात न्यायला बघताहेत, आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे.

तुझे बाबा आणि मी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो. तेव्हा सांगलीत पोहणं म्हणजे नदीच. डोकं सतत पाण्याच्या वर ठेवून, हात मारत जायचं. तलावात शिकलेल्यांना ते अडाणी वाटतं, पण नदीत त्याला कारण होतं. पाऊस ओसरल्यावर घाटावरून पलीकडे सांगलवाडीला जायचं तर पाणी उत्तरेकडून, म्हणजे उजव्या हाताकडून वाहत यायचं. वरून एखादा ओंडका येतोय का, जलपर्णीचा पुंजका येतोय का, हे बघायला उजवीकडे नजर ठेवावी लागे. परत येताना तीच वरची बाजू डावीकडे. एका फेरीत दोन्ही कुशींवर पाणी बघता आलं नाही तर मोठी माणसं आम्हाला पलीकडे सोडतच नसत. श्वासाबद्दल आम्हाला कुणी एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण मान दोन्ही बाजूंना मोकळी फिरायची ती त्या नजरेमुळे. पुढे तलावात, चेहरा पाण्यात घालून क्रॉल शिकताना मला डावी बाजू फारशी जड गेली नाही, त्याचं श्रेय मी नदीला देते. विहिरीत शिकलेल्यांची गोष्ट निराळी. गोल विहिरीत माणूस एकाच अंगानं घिरट्या घालत राहतो, कठडा सतत एकाच खांद्याशी. अशी मंडळी तलावात आली की सरळ रेषेत पोहायलाही त्यांना वेळ लागतो.

आता मात्र नदीत उतर असं मी तुला सांगणार नाही. भिलवडी-औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत मगरी आहेत, पाण्याची अवस्थाही तू बघतेसच. तुझ्या पिढीला हे सगळं तलावातच शिकावं लागणार, म्हणून ते तिथं मुद्दाम शिकवावं लागतं.

डावीकडे वळल्यावर पाणी का जातं, ते सांगते. तुला वाटतंय मान वळत नाही. खरा घोटाळा बहुतेक वेळा उजव्या हातात असतो. तू उजवीकडे श्वास घेतेस तेव्हा डावा हात पुढे लांब पसरलेला असतो आणि अंग त्याच्या आधारानं कुशीवर वळतं. ते काम त्या हाताच्या अंगवळणी पडलंय. डावीकडे वळलीस की हेच काम उजव्या हातावर येतं, आणि तो आजवर फक्त पाणी ओढत आलाय, थांबून आधार देणं त्याला ठाऊक नाही. तो घाईनं खाली दाबला जातो, नाहीतर डोक्यासमोरून आडवा डावीकडे जातो. आधार सुटला की खांदा बुडतो, आणि तोंड मोकळ्या हवेत यायच्या आत तू श्वास ओढलेला असतोस. डाव्या हातानं रांगोळी काढायला बसल्यासारखं सुरुवातीला सगळं वेडंवाकडं होणारच. पुढच्या वेळी डावीकडे वळताना तोंडाचा विचार सोडून दे. फक्त उजवा तळवा बघ. तो पुढे, खांद्याच्या रेषेत, पाण्याच्या जरासा खाली, शांत राहिला की अर्धं काम झालं.

पाणी जातंय म्हटलं की प्रत्येक जण डोकं वर उचलतो. तिथंच सगळं बिघडतं. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते वर उचललंस की कंबर आणि पाय खाली जाणार, आणि मग तू पुढे जाण्याऐवजी चढावर चढल्यासारखी पोहत राहणार. खरं तर डोकं उचलायची गरजच नाही. आपण पुढे सरकतो तेव्हा डोक्यासमोर पाण्याची छोटी लाट उठते आणि तिच्या मागे, गालाशी, पाणी जरा खाली बसतं. त्या खळग्यात तोंड उघडलं की हवा मिळते, आजूबाजूचं पाणी त्याहून उंच असलं तरी. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, एवढंच वळायचं. उजवीकडे तू नकळत हेच करतेस, तुझे व्हिडिओ मी पाहिलेत. डावीकडे मात्र तुला त्या खळग्यावर विश्वास नाही म्हणून तू आभाळाकडे बघतेस. शिवाय हा खळगा पुढे सरकण्यामुळे तयार होतो. भीतीनं वेग तुटला की तोही नाहीसा होतो. म्हणजे घाबरून थांबलीस तर पाणी जाणारच.

दुसरी गोष्ट सोडण्याची. श्वास घेण्याची चिंता सगळे करतात, सोडण्याची कुणी करत नाही. तोंड बाहेर असतं तो वेळ इतका थोडा असतो की त्यात हवा आत घेणंच कसंबसं होतं. सोडायचं काम आधी, पाण्यातच संपलेलं हवं. तीन हातांमागे श्वास घेताना तुला गुदमरल्यासारखं होतं, ते प्राणवायू संपला म्हणून नाही. कोंडून धरलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि शरीर त्याच्यामुळे तगमगतं. चेहरा पाण्यात गेला की लगेच नाकातून बारीक बुडबुडे सुरू कर, ते चालू ठेव, आणि तोंड बाहेर येतायेता उरलेली हवा फुंकून टाक. मग नवा श्वास ओढावा लागत नाही, आपोआप आत येतो. हे एकदा साधलं की तीन हात लांब वाटत नाहीत.

आता मला ज्यांच्याबद्दल खूप दिवस तुझ्याशी बोलायचं होतं, त्यांच्याकडे येते. मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ तू पाहिलास, त्यामुळे नाव माहीत आहे. पण सिनेमा यायच्या आधी आपल्याच जिल्ह्यातल्या किती शाळांत ते नाव घेतलं जात होतं? वाळवा तालुक्यातलं पेठ हे त्यांचं गाव, जन्म 1944 चा. सैन्यात गेले, तिथं मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं अंग गेलं. पोहणं त्यांच्याकडे उपचार म्हणून आलं. 1972 साली ऑलिंपिक म्युनिकला झालं आणि त्याच वर्षी पॅरालिंपिक हायडलबर्गला. तिथं पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं, आणि अर्जुन पुरस्कार 2025 च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. एवढा उशीर व्हायला नको होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

हे तुला प्रेरणा वगैरे मिळावी म्हणून सांगत नाही. तुझ्या डाव्या बाजूशी याचा थेट संबंध आहे. आपण पाय मारतो त्यातून वेग मिळतो असं आपल्याला वाटतं, पण क्रॉलमध्ये पायांचं मोठं काम तोल राखण्याचं आहे. डावीकडे श्वास घेताना तुझं अंग कलंडतं तेव्हा एक पाय झटकन बाजूला फाकतो आणि तुला सावरून घेतो. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. पाय चुका झाकतात म्हणून त्या तुला कळत नाहीत. ज्याचे पाय हलतच नाहीत त्याच्याकडे ही सोय नसते. श्वासासाठी डोकं जरा जास्त उचललं, पुढचा हात जरा खाली गेला, की लगेच त्याची किंमत चुकवावी लागते. सगळा तोल खांदे, पाठ आणि मान यांनीच सांभाळायचा. अशा शरीरानं 50 मीटर 37.33 सेकंदांत कापणं म्हणजे प्रत्येक हात आणि प्रत्येक श्वास किती नेमका असेल, याचा विचार कर. तुझी स्वतःची 50 मीटरची वेळ तुला माहीत आहे. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघ.

म्हणून तुला एक व्यायाम सुचवते. घोट्यांना जुन्या ट्यूबची रबरी पट्टी सैलसर अडकवून, पाय न मारता थोडं अंतर पोहायचं. उजवीकडे श्वास घेत जा, मग डावीकडे. डावीकडे कुठं काय सुटतं ते एका फेरीत कळेल. पाय खाली जातील, नको वाटेल, पण दोष कुठला ते उघड दिसेल.

तुझ्या मनात मालवणची स्पर्धा आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूची खरी गरज तिथं लागेल. डिसेंबरात चिवला बीचवर किनाऱ्याला धरून पोहावं लागतं. आपला समुद्र पश्चिमेला, जमीन पूर्वेला. सकाळी उत्तरेकडे पोहत निघालीस तर उजवीकडे किनारा आणि डोळ्यांवर येणारं ऊन, डावीकडे लाटा. वळसा घालून दक्षिणेकडे परतताना सगळं उलटं. ज्या बाजूनं लाट येते त्या बाजूला तोंड उघडलं तर खारं पाणी घशात जाणार. ज्याला एकच बाजू येते त्याला अर्धी स्पर्धा लाट पीत काढावी लागते. शिवाय समुद्रात तलावासारखी तळाची काळी रेघ नसते. एकाच बाजूनं वळणाऱ्याचं अंग एका अंगाला जास्त फिरतं, एक हात लांब पडतो, दुसरा तोकडा, आणि तो हळूहळू एका बाजूला सरकत जातो. तलावात रेघ बघून हे आपण नकळत दुरुस्त करतो, समुद्रात कुणी दुरुस्त करत नाही.

लांब पल्ल्याच्या समुद्री पोहण्यात सोबत बोट असते आणि पोहणारा श्वास घेताना तिच्याकडे बघत आपली दिशा धरतो. वारा फिरला, बोटीचा धूर अंगावर यायला लागला, तर बोट दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. तेव्हा पोहणाऱ्याला तिकडे बघता यायलाच हवं. पुण्याच्या रोहन मोरे यांनी इंग्लिश खाडीसह जगातल्या सात अवघड समुद्रमार्गांची ‘ओशन्स सेव्हन’ मालिका 2018 साली पूर्ण केली, आणि ती पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले. तासन्‌तास चालणाऱ्या असल्या पोहण्यात एकच खांदा, एकच मान किती ताण सोसेल?

सरावाचं म्हणशील तर लगेच दर तीन हातांचा आग्रह धरू नकोस. आधी एक सोपी युक्ती कर. तलावात जाताना आणि येताना तोंड एकाच भिंतीकडे ठेव. म्हणजे जाताना श्वास उजवीकडून असेल तर येताना आपोआप डावीकडून होईल, आणि दर दोन हातांमागे मिळत असल्यामुळे दमही लागणार नाही. डावी बाजू थोडी रुळली की मग तीनवर ये. जिथं धाप लागेल तिथं खुशाल पुन्हा दोनवर जा. फिन्स लावून डाव्या कुशीवर आणि उजव्या कुशीवर, खालचा हात पुढे ताणून नुसतं पाय मारत जाणं, हा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण उजव्या हाताला आधार द्यायला शिकवणारा याच्याइतका चांगला दुसरा नाही. तो रोज सुरुवातीलाच उरकून टाक, अंगात ताकद असताना. आणि वेळ मोजू नकोस. दुसरी बाजू शिकताना वेग काही काळ घटतो. त्या काळात घड्याळ बघणारी मुलं पुन्हा जुन्या बाजूला पळतात आणि तिथंच राहतात.

सरांना माझा नमस्कार सांग. मालवणला नाव द्यायच्या आधी एकदा सांगलीला ये, आपण दोघी तलावात जाऊ, मला तुझा उजवा हात प्रत्यक्ष बघायचाय. आणि घोट्यांना पट्टी बांधायचा व्यायाम सर काठावर उभे असतील तेव्हाच, उथळ बाजूला कर. एकटी असताना अजिबात नको.

तुझी,
आत्या