एक गीर, दोन देश: ब्राझील आणि देवणी

१/ ब्राझीलचा इतिहास साखर, सोने आणि कॉफी यांच्या आधारे सांगितला जातो. त्यातील भारतीय वशिंडाचे स्थान मात्र सहसा विसरले जाते.

२/ १९व्या शतकापासून गीर, कांकरेज, ओंगोल ही गुरे तिकडे गेली. युरोपीय जनावरांना न सोसणारे ऊन आणि गोचिडांचा त्रास त्यांनी सोसला. ओंगोल तेथे 'नेलोर' म्हणून ओळखली गेली.

३/ याच गीरचे रक्त लातूर जिल्ह्यातील देवणी गोवंशात आहे. डांगी व स्थानिक गुरांच्या संकरातून तो निजामाच्या राज्यात घडला. वानेरा, शेवरा, बालंक्या हे त्याचे प्रकार.

४/ ब्राझीलने वंशावळी नोंदवल्या, दुधासाठी निवड केली, होल्स्टीनशी संकर करून 'गिरोलांडो' घडवली. इकडे ट्रॅक्टर आला आणि देवणी बैलाचे काम आटले. हा वंश टिकायचा, तर गोठ्यागोठ्यातील गाईच्या दुधाची आणि वंशावळीची नोंद व्हायला हवी.