धाराशिवहून विमानानं किती वेळ?

आमची शाळा धाराशिव जिल्ह्यातली. एकदा भूगोलाच्या तासाला चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, माझे बाबा मुंबईला कामाला आहेत. रातराणी एसटीत बसले की सकाळी पोचतात. विमानानं किती वेळ लागेल?"

"चला, मोजूया!" मी म्हटलं.

भिंतीवरच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. आधी जवळचं घेतलं. धाराशिव शहराच्या उत्तरेला एक विमानतळ आहे, लातूर शहराच्या पश्चिमेला दुसरा. दोन्हींमध्ये दोरा ताणला. साडेचार सेंटिमीटर! म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता वळणं घेत, गावं जोडत जातो, म्हणून तो जास्त भरतो. छोटं विमान तासाला ३०० किलोमीटर वेगानं गेलं, तर ९ मिनिटं. पण चढायला-उतरायला वेळ लागतोच. शिवाय विमानतळ गावाबाहेर, आणि तिथं बरंच आधी पोचायचं. सगळं धरलं तर लातूरला एसटीच बरी!

मग मुंबई. दोरा ३५ सेंटिमीटर भरला, म्हणजे ३५० किलोमीटर. भागाकार केला, १ तास १० मिनिटं. चढ-उतार धरून दीड तास म्हणा. इथं मात्र विमान जिंकलं.

ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा कामावरून सुटून रात्री जेवायला घरी!"

वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी ३५ सेंटिमीटर फार लांब वाटले.

तुमचं कुणी दूर आहे का? मग दोरा घ्या आणि मोजून बघा!