खुनाच्या गोष्टीतला खरा सूर

अँजेला लॅन्सबरी गाते! आणि काय गाते! हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

'मर्डर, शी रोट' या अमेरिकन मालिकेत तिने रंगवलेली जेसिका फ्लेचर तुम्हाला माहीत असेल. मेन राज्यातल्या केबट कोव्ह नावाच्या काल्पनिक गावात राहणारी, एकेकाळी शाळेत इंग्रजी शिकवलेली, आता रहस्यकथा लिहिणारी विधवा बाई. नीटनेटका ब्लाउज, टाइपरायटर, शेजाऱ्यांशी गोड बोलणं आणि सगळ्यांच्या आधी खुनी ओळखणारी नजर. ही मालिका मी अलीकडेच पहिल्यापासून बघायला घेतली आणि जेसिकाबाई माझ्या घरच्याच होऊन गेल्या. मग आला दुसऱ्या सीझनमधला, १९८५ सालचा 'सिंग अ साँग ऑफ मर्डर' हा भाग. जेसिकाची चुलत बहीण एमा लंडनमध्ये म्युझिक हॉल चालवते, तिच्या जिवावर कुणीतरी उठलंय, म्हणून जेसिका तिकडे धावते. दोघी बहिणींच्या भूमिकेत लॅन्सबरीच आहे. इथवर मी मजेत बघत होते. दुहेरी भूमिका आपल्याला काही नवी नाही.

पण ही एमा रंगमंचावर येते. चाल वेगळी, बोलणं ठसठशीत लंडनचं, डोळ्यांत मिश्कील चमक. आणि ती एक जुनं गाणं म्हणते, एका पिवळ्या पाखराला निरोप देणारं. आवाज अगदी साधा लावलेला, शब्दन् शब्द स्वच्छ, प्रेक्षकांशी बोलल्यासारखा. मी ताठ बसले. हे 'गायिकेचं काम करणं' नव्हतं, हे गाणं होतं. मी घरात एकटीने 'वन्स मोअर' म्हटलं आणि रिमोट हातात असल्याने तो लगेच घेतलाही!

मग मी शोधत सुटले आणि एकेक गोष्ट अशी हाती लागत गेली की झोपच उडाली. ही बाई ब्रॉडवेची सम्राज्ञी होती. १९६६ साली 'मेम' या संगीतिकेने तिने न्यूयॉर्क गाजवलं, त्यासाठी टोनी पुरस्कार मिळवला. १९७९ साली 'स्वीनी टॉड'मध्ये माणसांच्या मांसाचं सारण भरलेल्या पाइ विकणारी मिसेस लव्हेट रंगवून, गाऊन, पुन्हा टोनी घेतला. आणि ते पिवळ्या पाखराचं गाणं? ते तिने १९४५ सालच्या 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' या चित्रपटात, वयाची विशीही उलटली नव्हती तेव्हा, गायलं होतं. त्या भूमिकेने तिला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं होतं. चाळीस वर्षांनी, साठीला टेकलेली तीच बाई तेच गाणं गाते आहे आणि कोट्यवधी लोक ते एका खुनाच्या मालिकेत बघताहेत! अजून थांबा. एमाचं आडनाव मॅकगिल. लॅन्सबरीची आई मोयना मॅकगिल, लंडनच्या रंगभूमीवरची अभिनेत्री, दुसऱ्या महायुद्धात मुलांना घेऊन अमेरिकेला आलेली. म्हणजे त्या रंगमंचावर उभी असलेली पोरगेल्या हसण्याची बाई आईचं नाव लावून, आईच्या रंगभूमीच्या शहरात, आपल्या तारुण्यातलं गाणं गात होती. केबट कोव्हच्या जेसिकाआड हे सगळं आयुष्य दडलेलं होतं आणि एका भागापुरतं त्याचं दार उघडलं.

तेव्हापासून मला वेडच लागलंय. गुप्तहेर मालिकांमध्ये नट स्वतःचं खरंखुरं कसब कुठे दाखवतात, हे मी हुडकत बसते. आणि जितकं बघते तितकी माझी खात्री पटते, की अशा कसबाला याहून चांगली जागा नाही. कारण उघड आहे. रहस्यकथा बघताना आपण सगळ्यांवर संशय घेतो. हा रडतोय, खरंच रडतोय का? ही म्हणते घरी होते, होती का? तासभर आपण प्रत्येकाच्या तोंडावरचा मुखवटा ओढत बसलेलो असतो. अशा वेळी कुणी खरं गायला लागलं, खरं वाजवायला लागलं, तर त्यात खोटं काढायला जागाच नसते. सगळ्या साक्षी फिरतात, पण सूर फिरत नाही.

याचा सगळ्यात जबरदस्त पुरावा म्हणजे 'कोलंबो' या पोलिसी गुप्तहेराच्या मालिकेतला 'स्वान साँग', १९७४ सालचा. त्यात खुनी आहे जॉनी कॅश. होय, तोच, काळ्या कपड्यांतला, अमेरिकन कंट्री संगीतातला खर्जाचा बादशहा! तो टॉमी ब्राउन नावाचा भक्तिगीतं गाणारा गायक झाला आहे. बायको एडना, म्हणजे आयडा लुपिनो, त्याच्या गाण्यातून येणारा सगळा पैसा धर्मकार्याकडे वळवते आणि त्याचं एक काळं गुपित हाताशी धरून त्याला बांधून ठेवते. मग तो छोटं विमान चालवत असताना बायकोला आणि साथीदार गायिकेला गुंगीचं औषध देतो, स्वतः पॅराशूट लावून उडी मारतो आणि विमान कोसळू देतो. भयंकर गुन्हा!

पण भागाच्या सुरुवातीलाच त्याला गाताना बघा. गर्दीने भरलेला मंच, हातात गिटार, आणि त्या खोल आवाजात प्रकाश दिसल्याचं सांगणारं भक्तिगीत. कॅश आयुष्यभर असली गीतं गात आला होता, श्रद्धा आणि व्यसन यांच्या ओढाताणीत तो स्वतः होरपळून निघाला होता. म्हणून तो गातो तेव्हा टॉमी ढोंगी आहे असं तुम्हाला म्हणताच येत नाही. माणूस खुनी आणि सूर सच्चा! दोन्ही एकाच छातीत. कुठला पटकथाकार हे नुसत्या संवादांनी पटवू शकला असता?

आणि कोलंबोला संशय कशाने येतो बघा. जिवापाड जपलेली गिटार नेमकी त्या दिवशी विमानात नव्हती! बायकोला मरू देणाऱ्या माणसाला गिटार मोडू देववली नाही. हा धागा कळला तेव्हा मी टाळी वाजवली. शेवटी, पकडला गेल्यावर, दोघं गाडीत बसलेले असतात. खुन्याबरोबर एकटं असण्याची भीती नाही वाटत का, असं टॉमी विचारतो. मग टॉमीचाच आवाज गाडीत भरतो. असं गाणारा माणूस पुरता वाईट असूच शकत नाही, अशा अर्थाचं कोलंबो म्हणतो. तिथे दुसरा कुठला नट आणि उसना आवाज असता तर ते वाक्य पोकळ झालं असतं. कॅश आहे म्हणून ते घशात अडकतं.

आता दुसरी गंमत सांगते, कॅमेऱ्याची. नटाला वाद्य येत नसलं की दिग्दर्शकाला तुकडे करावे लागतात. आधी तल्लीन चेहरा, मग कट, मग दुसऱ्याच कुणाचे तरी हात. एकदा हे लक्षात आलं की सगळीकडे दिसायला लागतं. पण 'हाउस'मधला ह्यू लॉरी बघा. २००४ ते २०१२ चाललेली ही मालिका डॉक्टरची असली तरी बेत शेरलॉक होम्सचाच. होम्सचा झाला हाउस, वॉटसनचा झाला विल्सन, दारावरचा क्रमांकही २२१ बी. होम्सकडे व्हायोलिन, हाउसकडे पियानो. लॉरी स्वतः पियानो, गिटार वाजवतो. त्यामुळे हाउस घरी एकटाच पियानोपाशी बसतो तेव्हा कॅमेऱ्याला हातांवरून चेहऱ्यापर्यंत सलग जाता येतं. दिवसभर सगळ्यांना टोचून बोलणारा हा माणूस बोटांनी काय बोलतो, ते बघत राहावं. पुढे २०११ साली त्याच लॉरीने न्यू ऑर्लिन्सच्या ब्लूज गाण्यांचा 'लेट देम टॉक' हा अल्बम काढला. मी तो आता रोज ऐकते.

आणि खासगी गुप्तहेरांची 'मूनलाइटिंग'! एमाच्या भागाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, या मालिकेने जवळजवळ अख्खा भाग कृष्णधवल केला, जुन्या काळातल्या नाइट क्लबच्या स्वप्नाचा, आणि त्यात सिबिल शेफर्ड स्वतःच्या आवाजात गायली. तिच्या नावावर त्याआधीच गाण्यांचे अल्बम होते.

मग मला आपली 'सी.आय.डी.' ही मालिका आठवली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम मराठी रंगभूमीवर घडलेले. दरवाजे तोडणारा दया, म्हणजे दयानंद शेट्टी, अभिनयाआधी थाळीफेक करणारा खेळाडू! तो खांद्याचा आणि पायाचा जोर मैदानातून आलेला आहे. आणि ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला दिग्दर्शक बी. पी. सिंग यांचा तो भाग, तब्बल १११ मिनिटं, एकाच शॉटमध्ये, कुठेही कट नाही! त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. पण माझ्या लेखी विक्रमापेक्षा मोठी गोष्ट त्या नटांची आहे. संवाद पाठ, जागा पाठ, चुकलं तर सगळंच पहिल्यापासून. नाटकवाल्यांचं रोजचं कसब खुनाच्या तपासात असं उघड्यावर आलं.

म्हणून माझं ऐका, आजच रात्री 'स्वान साँग' लावा, उद्या एमा मॅकगिलला भेटा. गाणं सुरू झालं की पुढे ढकलू नका. खुनी कोण हे एकदा कळलं की कळलं, तो भाग पुन्हा बघायचं कारण उरत नाही. पण मी हे दोन्ही भाग परत परत बघते आहे, आणि ते त्या सुरांसाठी. रहस्य संपल्यावरही उरतं ते हेच, माणसाने आयुष्यभर घोटलेलं कसब.