'हॅकमी'ची गोष्ट

होस्टेलचा स्वतःचा रेडिओ काढायचा किडा एकदा डोक्यात शिरला. जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, त्यावर आइसकास्ट कंपाइल केलं, पोर्ट ८०००. पहिल्याच रात्री अख्ख्या विंगमध्ये गाणी वाजली आणि आपली कॉलर एकदम टाइट!

दुसऱ्या रात्री प्रसारण बंद करून मेसमध्ये जेवायला गेलो. परत येतो तर काय, आमच्या रेडिओवर माझ्या रूम पार्टनरचं घरच्यांशी फोनवर झालेलं भांडण चालू! कुणीतरी चोरून रेकॉर्ड केलेलं. तो मान खाली घालून बसलेला आणि सगळे बघताहेत माझ्याकडे. सर्व्हर माझा ना!

चूक साधीच होती. आइसकास्टच्या नमुना कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड 'हॅकमी' असतो. नावातच इशारा होता, पण मी तो बदललाच नव्हता. मग लगेच बदलला. तर एक सीनियर म्हणाला, "अरे, साध्या एचटीटीपीवर पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो. ते कुलूप नाही, नुसता कागद गुंडाळलाय. नेटवर्कवर टपून बसलेला सहज उलगडेल."

मग ओपनएसएसएलने सर्टिफिकेट बनवलं, टीएलएस चालू केलं, सोर्स आणि अ‍ॅडमिनचे पासवर्ड वेगळे ठेवले. दोन रात्री गेल्या.

पार्टनर मात्र आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "लाव काहीतरी." मी आधी लॉग तपासला, मग गाणं लावलं.